शंकांसह चाललेला वाटाड्या

पुण्याच्या गुरुवार पेठेत पंचहौद मिशनचे आवार आहे. आत पवित्र नाम देवालय, त्याचे उंच घंटाघर आणि त्यात इंग्लंडहून आणलेल्या आठ घंटा. मराठी वाचकाला पंचहौद आठवते ते १८९० सालच्या चहाच्या ग्रामण्यामुळे, म्हणजे जातबहिष्काराच्या वादामुळे. रानडे, टिळक आणि इतर काही मंडळींनी इथे चहा घेतला, आणि त्या पेल्याचा वाद शंकराचार्यांपर्यंत गेला. मला मात्र इथे आले की दुसऱ्याच एका ब्राह्मणाची आठवण होते. त्याने चहा घेऊन प्रायश्चित्त घेतले नाही. त्याने सगळे आयुष्यच पणाला लावले. हे नीळकंठशास्त्री गोऱ्हे, ख्रिस्ती झाल्यावरचे फादर नेहेम्या गोऱ्हे.

कोकणातून उत्तरेत गेलेले हे चित्पावन घराणे. बुंदेलखंडात बांद्याच्या नबाबाच्या पदरी त्यांनी चाकरी केली आणि पुढे काशीला स्थायिक झाले. नीळकंठाचा जन्म १८२५ सालचा, झाशीजवळचा. वाढला तो काशीत, संस्कृत शास्त्रांच्या अभ्यासात. काशीच्या रस्त्यांवर तेव्हा विल्यम स्मिथ नावाचे मिशनरी उपदेश करत. नीळकंठशास्त्री त्यांच्याकडे प्रथम गेले ते त्यांना वादात हरवायला.

त्या काळात जॉन म्यूर या कंपनी सरकारच्या स्कॉटिश अधिकाऱ्याने संस्कृतात ‘मतपरीक्षा’ नावाचा ग्रंथ लिहून ख्रिस्ती मताची बाजू मांडली होती. त्याला ज्या पंडितांनी उत्तरे लिहिली त्यांत नीळकंठशास्त्री सर्वांत तरुण असावेत. त्यांचा ‘शास्त्रतत्त्वविनिर्णय’ १८४४-४५ चा, म्हणजे लेखक जेमतेम विशीतला. स्वधर्माच्या बचावासाठी लिहिलेला हा ग्रंथ आजही अभ्यासक वाचतात. ज्याचे खंडन करायचे तो ग्रंथ नीट वाचला पाहिजे, हा शास्त्रार्थाचा जुना शिरस्ता. नीळकंठशास्त्र्यांनी तो पाळला आणि नवा करार वाचायला घेतला. येशूच्या डोंगरावरील प्रवचनाने त्यांची झोप उडाली. खंडन लिहिता लिहिता खंडन करणाराच अडकला.

१४ मार्च १८४८ रोजी जौनपूरला त्यांचा बाप्तिस्मा झाला. काशी सोडून जौनपूरला जावे लागले, यावरूनच घरची अवस्था कळते. कर्त्या होऊ घातलेल्या मुलाने जात सोडणे म्हणजे बापाच्या दृष्टीने मुलगा जिवंतपणी जाणे. त्या बापाच्या दुःखाला मी कमी लेखणार नाही. धर्मांतराच्या गोष्टी सांगताना आपण निघून जाणाऱ्याच्या धैर्याचे पोवाडे गातो, पण ओसरीवर मागे राहिलेल्यांचाही त्या गोष्टीत वाटा असतो. गोऱ्ह्यांना त्याची जाणीव अखेरपर्यंत होती. पत्नी लक्ष्मीबाई पुढे त्यांच्याकडे आल्या, त्यांनीही बाप्तिस्मा घेतला. पण १८५३ साली मुलगी झाली आणि थोड्याच काळात लक्ष्मीबाई गेल्या. ती तान्ही मुलगी दुसऱ्यांच्या घरी वाढली, पुढे इंग्लंडला गेली. एलन लक्ष्मी गोऱ्हे या नावाने तिने लिहिलेली इंग्रजी भक्तिगीते कित्येक देशांतल्या देवालयांत गायली गेली. बापाच्या वाट्याला तिचे बालपण जवळजवळ आलेच नाही.

१८५४ साली पंजाबच्या पदच्युत महाराजा दुलीपसिंगाच्या मंडळीबरोबर गोऱ्हे विलायतेला गेले. ऑक्सफर्डला संस्कृतचे अभ्यासक माक्स म्युलर यांच्याशी त्यांची भेट झाली. माक्स म्युलरने आपल्या आठवणींत या भेटीबद्दल लिहून ठेवले आहे. समोर बसलेला हा काशीचा पंडित खचलेला होता. लंडनमध्ये जे पाहिले तोच ख्रिस्ती धर्म असेल तर आपल्याला परत जायचे आहे, असे तो म्हणत होता. ज्या धर्मासाठी आईबाप आणि जात सोडली, त्या धर्माच्या माहेरघरी येऊन त्याला धर्म दिसेना. मला हा प्रसंग गोऱ्ह्यांच्या चरित्राचा गाभा वाटतो. बाप्तिस्म्याच्या दिवशी श्रद्धा मिळाली आणि प्रश्न मिटला, असे त्यांच्या बाबतीत झाले नाही. शंका पुन्हा पुन्हा येत राहिल्या. ज्या बुद्धीने त्यांनी ‘शास्त्रतत्त्वविनिर्णय’ लिहिला ती बुद्धी बाप्तिस्म्याच्या पाण्यात बुडाली नव्हती. बायबलातल्या अवघड जागा, सार्वकालिक शिक्षेचा प्रश्न, ख्रिस्ती राष्ट्रांचे आचरण यांवर ते स्वतःशी झगडत राहिले. झगडत राहिले, पण मागे फिरले नाहीत.

परत आल्यावर त्यांनी हिंदीत ‘षड्दर्शनदर्पण’ लिहिला. तो १८६० साली कलकत्त्याला छापला गेला आणि दोन वर्षांनी फिट्झएडवर्ड हॉल यांनी त्याचे इंग्रजी भाषांतर केले. न्याय, सांख्य, वेदान्त या दर्शनांना एकेक करून प्रश्न विचारणारा हा ग्रंथ आहे. जग मिथ्या असेल तर पाप कुणाचे आणि पश्चात्ताप कुणी करायचा, हा त्यातला कळीचा मुद्दा. मला त्यांचे सगळे युक्तिवाद पटत नाहीत. वेदान्ताशी त्यांनी पुरता न्याय केला असेही वाटत नाही. परंतु हा माणूस परक्याच्या धर्माची टर उडवणारा नव्हता. ज्या घरात आपण वाढलो त्या घराच्या भिंतींवर हात फिरवून तो बोलत होता. अनन्यभक्ती, वैराग्य, नम्रता, क्षमा हे शब्द हिंदू धर्मानेच आपल्याला शिकवले आणि म्हणूनच ख्रिस्ताची शिकवण आपल्याला उमगू शकते, असेही त्यांनी लिहून ठेवले आहे. त्या काळच्या किती परदेशी मिशनऱ्यांना हे म्हणता आले असते?

१८७० साली कलकत्त्याला ते धर्मगुरू झाले. पुढे ऑक्सफर्डजवळच्या काउली येथील संन्यस्त धर्मगुरूंच्या संघात नवशिके म्हणून दाखल झाले आणि नवशिकेच राहिले. शेवटची व्रते त्यांनी कधी घेतली नाहीत. आपण त्या व्रतांना पात्र आहोत याची त्यांच्या मनाला खात्री पटली नाही, असाच याचा अर्थ मी लावतो. राहणी मात्र संन्याशाची. या संघाचे आणि इंग्लंडमधल्या वाँटेजच्या संन्यस्त ख्रिस्ती भगिनींचे काम पुण्यात पंचहौदला चाले, म्हणून गोऱ्ह्यांचा पुण्याशी संबंध आला. मुंबई-पुण्याच्या ब्राह्मो आणि प्रार्थना समाजाच्या मंडळींपुढे त्यांनी व्याख्याने दिली. सभा गाजवणे हा त्यांचा पिंड नव्हता. शंका विचारणाऱ्यापुढे बसून, त्याची शंका त्याच्यापेक्षा नीट मांडून मग उत्तर शोधायचे, ही त्यांची रीत.

या रीतीचे फळ म्हणजे पंडिता रमाबाई.

रमाबाईंचे आयुष्य मराठी माणसाला ठाऊक आहे, तरी एक धागा इथे उचलला पाहिजे. दुष्काळाच्या काळात आईवडील आणि बहीण गेली, १८८० साली भाऊ श्रीनिवासही गेला. त्याच वर्षी बिपिनबिहारी दास मेधावी यांच्याशी विवाह झाला. दोन वर्षांच्या आत तेही गेले. पदरी लहानगी मुलगी मनोरमा. आसामकडे सिल्चरला असताना नवऱ्याच्या पुस्तकांत बंगाली भाषेतले लूकचे शुभवर्तमान हाती आले होते. बिपिनबाबूंना मात्र पत्नीने ख्रिस्ती व्हावे हे मुळीच पसंत नव्हते. पुण्याला आल्यावर वाँटेजच्या भगिनींची ओळख झाली आणि १८८३ साली रमाबाई शिकायला विलायतेला गेल्या. त्याच वर्षी २९ सप्टेंबरला वाँटेजला मायलेकींचा बाप्तिस्मा झाला.

त्यांची बुद्धी वळवली ती गोऱ्ह्यांनी, हे रमाबाईंनी स्वतः आपल्या साक्षीत सांगितले आहे. ख्रिस्ती धर्म ईश्वरदत्त आहे काय, या प्रश्नावरचे गोऱ्ह्यांचे लिखाण वाचून आपल्या बुद्धीला पटले, असे त्या लिहितात. वाँटेजच्या भगिनींनी त्यांच्यावर माया केली, पण शास्त्र जाणणाऱ्या बाईला शास्त्र जाणणाऱ्याचेच उत्तर हवे होते. ज्याने स्वतः त्याच शंकांचे काटे पायात घेतले आहेत त्याच्याकडेच ते होते.

वाट दाखवणे म्हणजे हात धरून ओढणे नव्हे, हे रमाबाईंनी लगेच सिद्ध केले. वाँटेजच्या भगिनींशी त्यांनी पत्रांतून निकराने वाद घातला. गळ्यातल्या क्रुसावरची लॅटिन अक्षरे त्यांना नको होती. त्यांना संस्कृत हवे होते. इंग्लंडच्या चर्चची प्रत्येक गोष्ट मान्य करायला त्या तयार नव्हत्या. मांसाहार त्यांनी केला नाही. आणि पुढे आणखी एक कबुली दिली, जी द्यायला फार मोठे मन लागते: बाप्तिस्म्यानंतर आठ वर्षांनी, १८९१ च्या सुमारास, त्यांना उमगले की आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला होता, पण ख्रिस्त सापडला नव्हता. तोवर मुंबईत विधवा आणि मुलींसाठी शारदा सदन ही शाळा उघडून दोन वर्षे झाली होती आणि ते पुण्याला हलवलेही होते. नावाजलेली बाई उघडपणे म्हणते, मी अजून वाटेतच होते.

१८९३ साली शारदा सदनावर वादळ आले. रमाबाई आपली प्रार्थना आपल्या खोलीत दार उघडे ठेवून करीत, आणि काही मुली आपणहून तिथे येऊन बसत. पुण्यात त्यावरून गदारोळ झाला. ‘केसरी’ने टीकेची झोड उठवली, रानडे-भांडारकरांसारखे स्नेही सल्लागारपद सोडून गेले, पालकांनी पंचवीसच्या आसपास मुली काढून नेल्या. पालकांची भीती खोटी नव्हती. विश्वासाने ठेवलेल्या मुलींचा प्रश्न होता. पण मी दार लावून घेणार नाही आणि कुणाला बळेच बसवणारही नाही, ही रमाबाईंची भूमिकाही खरी होती. दोन्ही बाजू आज वाचताना मला त्या उघड्या दाराकडेच पाहावेसे वाटते.

फादर गोऱ्हे २९ ऑक्टोबर १८९५ रोजी मुंबईत वारले. पुढच्याच वर्षी मध्य प्रांतात दुष्काळ पडला. लहानपणी स्वतः उपाशी पोटी रानोमाळ हिंडलेल्या रमाबाई तिकडे गेल्या आणि सुमारे तीनशे मुली-बायका घेऊन आल्या. केडगावचे मुक्ती सदन त्यातून उभे राहिले. १९०० च्या दुष्काळानंतर तिथली संख्या दोन हजारांच्या घरात गेली. आंधळ्यांसाठी बार्तीमी सदन, वाट चुकलेल्या स्त्रियांसाठी कृपा सदन.

या सगळ्या धबडग्यात त्यांनी हिब्रू आणि ग्रीक शिकून बायबलचे मराठी भाषांतर हाती घेतले. पंडिती मराठी त्यांना नको होती; शेतावरच्या बाईला कळेल अशी भाषा हवी होती. केडगावच्याच छापखान्यात, दुष्काळातून आलेल्या मुलींनी त्याचे खिळे जुळवले, पाने शिवली. जुलै १९२१ मध्ये मनोरमा गेली. रमाबाईंना आता स्वतःचे असे कुणी उरले नव्हते. काम थांबले नाही. मुद्रिते तपासत तपासत ५ एप्रिल १९२२ रोजी त्यांनी डोळे मिटले. पूर्ण ग्रंथ १९२४ साली केडगावहून बाहेर पडला. त्याचा एकेक खिळा ज्या बोटांनी उचलून बसवला, त्यांतली कित्येक बोटे काही वर्षांपूर्वी दुष्काळी रानात मुळे उकरत होती.