१० मिनिटं ५३ सेकंद

यवतमाळहून नागपूरच्या वाटेला लागलं की चिंतामणीचं कळंब साधारण २२-२३ किलोमीटरवर. ट्रक, गतिरोधक आणि हंगामात कापसाच्या गाड्या सांभाळत अर्धा तास तरी हाताशी ठेवावा. १९६८च्या ‘बुलिट’ या चित्रपटातली पाठलागाची मोटार चित्रीकरणात गाठलेल्या कमाल वेगानं, म्हणजे ताशी १७७ किलोमीटरनं, या रस्त्यावर सोडली, तर साडेसात मिनिटांत कळंब मागे पडेल आणि पाठलाग संपायला अजून तीन मिनिटं उरतील.

सॅन फ्रान्सिस्कोच्या चढउतारांवरचा तो पाठलाग पडद्यावर १० मिनिटं ५३ सेकंद चालतो. सेकंदाला २४ चौकटी, म्हणजे एकूण १५,६७२ चित्रं. ३५ मिलिमीटरची ती फिल्म जमिनीवर अंथरली, तर जेमतेम ३०० मीटर भरेल. त्या कमाल वेगात मोटार एका चौकटीतून दुसरीत जाईस्तोवर दोन मीटर पुढे गेलेली असते. चित्रीकरणाला मात्र सुमारे तीन आठवडे लागले.

एवढ्या वेळात संवाद किती? एकही नाही. नायक स्टीव्ह मॅक्वीन फक्त बघतो, स्टिअरिंग वळवतो, ओठ आवळतो. मला हा अभिनय पानभर संवादांहून अवघड वाटतो. संगीतकार लालो शिफ्रिननं तर कमालच केली. मोटारी एकमेकींचा माग काढत असतात तोवर संगीत वाजतं. खरा पाठलाग सुरू झाला की ते थांबतं. पुढे फक्त इंजिन आणि टायर. (आपल्याकडे नेमक्या त्याच क्षणी सगळा वाद्यवृंद कामाला लागतो.)

समोरची काळी डॉज चालवणारा बिल हिकमन तीन वर्षांनी ‘द फ्रेंच कनेक्शन’मध्येही गाडी हाकत होता. तिथं मोटार उन्नत मार्गावरच्या रेल्वेगाडीमागे धावते, आणि त्या दृश्यालाही पार्श्वसंगीत नाही. दिग्दर्शक विल्यम फ्रीडकिननं ते संकलित करताना सांतानाच्या ‘ब्लॅक मॅजिक वुमन’ची लय मनात धरली होती; प्रेक्षकाला गाणं ऐकू येत नाही, पण कापाकापी त्याच ठेक्यावर चालते. चित्रपटाला पाच ऑस्कर मिळाले, त्यांतलं एक जीन हॅकमनच्या अभिनयाला.

आकड्यांचीच हौस असेल, तर १९७४चा ‘गॉन इन ६० सेकंड्स’ बघा. एच. बी. हॅलिकी स्वतःच लेखक, दिग्दर्शक आणि नायक. ९७ मिनिटांत ९३ मोटारींचा चुराडा, शेवटचा पाठलाग ४० मिनिटांचा. थक्क व्हायला होतं, पण विसाव्या मोटारीनंतर छातीत धडधडत नाही. ‘बुलिट’मध्ये मुख्य मोटारी दोनच आहेत. त्यातली हिरवी मस्टँग २०२० साली लिलावात ३७ लाख डॉलरांवर विकली गेली, आणि चित्रपटाला मिळालेलं एकमेव ऑस्कर संकलक फ्रँक केलरच्या कात्रीला मिळालं. योग्य माणसाला मिळालं.