झोपेची गोळी आणि नसांचं दुखणं

मंडळी, हळदीच्या वावरात दिवसभर राबलेल्या माणसाला रात्री पडल्या पडल्या झोप लागायला हवी. पण मधुमेह जुना असला की तळपायांची आग होते, मुंग्या येतात. नागीण होऊन गेली, कातडी बरी झाली, तरी सदरा घासला की कळ येते. मग हट्ट्यात काय आणि शहरात काय, माणूस म्हणतो, “झोपेची एक गोळी द्या.” या गोळीनं दुखणं जातं का, हे आज आपण पाहू.

काटा रुतला की दुखतं, तो काढला की थांबतं. नसांच्या दुखण्यात काटाच नसतो. मोटार चांगली, पण केबल सोललेली, तसं हे असतं. खराब झालेली नस विनाकारण संदेश पाठवत राहते. पाठीच्या कण्यातल्या मज्जारज्जूत या संदेशांना लगाम घालणारं ‘गाबा’ नावाचं रसायन असतं. डायझेपाम, अल्प्राझोलाम, क्लोनाझेपाम या गोळ्या गाबाचंच काम वाढवतात.

मग दुखणं थांबायला हवं ना? झुरिकच्या संशोधकांनी 2008 साली उंदरांवर दाखवलं, की गाबाची ग्रहणकेंद्रं अनेक प्रकारची असतात. एका प्रकारामुळे गुंगी येते, तर मज्जारज्जूतल्या दुसऱ्या प्रकारांमुळे वेदना कमी होते. आपल्या गोळ्या दोन्ही प्रकारांवर एकदमच काम करतात. म्हणून वेदनेला पुरेल इतका डोस घ्यावा, तर त्याआधी माणूसच गुंगतो. क्लोनाझेपामवर कॉक्रेनच्या अभ्यासकांनी 2012 साली शोध घेतला. नसांच्या दुखण्यासाठी निकषात बसणारी एकही चाचणी त्यांना सापडली नाही.

2015 च्या आंतरराष्ट्रीय शिफारशींत आधी ॲमिट्रिप्टिलिन, ड्युलॉक्सेटिन, गॅबापेंटिन, प्रीगॅबालिन ही औषधं येतात. तीही जादू नव्हेत. प्रीगॅबालिन साधारण आठ जणांना दिलं, तर बनावट गोळीच्या तुलनेत एकाच जास्तीच्या माणसाचं दुखणं निम्म्यानं उतरतं. गुंगी त्यांनीही येते, म्हणून डोस हळूहळू वाढवतात.

आता महत्त्वाचं. झोपेची गोळी महिनोन्‌महिने चालू असेल, तर आजचं व्याख्यान ऐकून उद्या ती एकदम बंद करू नका. झटके येऊ शकतात. डॉक्टरांच्या सल्ल्यानं थोडी थोडी कमी करा. दारूसोबत तर ती घेऊच नका, श्वास मंदावतो. शेजाऱ्याची चिठ्ठी आपली समजू नका. आणि डॉक्टरांना नुसतं “झोप येत नाही” म्हणू नका. “पायाची आग झोपू देत नाही” असं सांगा. त्या एका वाक्यानं औषध बदलू शकतं.