चार प्रश्नांचा दिवस

पहाटे ५. पिशोरच्या मैदानावर अंधारातच पोरं-पोरी जमतात. सगळ्यांच्या डोक्यात पोलीस भरती. मुलं १६०० मीटर पळतात, मुली ८००. मी प्रत्येक फेरीची वेळ वहीत टिपतो.

सकाळी ७. एकेकाशी बोलणं. ध्येय, सद्यस्थिती, पर्याय आणि निर्धार या क्रमाने चार प्रश्न. इंग्रजीत याला ‘ग्रो’ म्हणतात. शर्यतीच्या गाड्या चालवणारे जॉन व्हिटमोर यांच्या १९९२च्या पुस्तकाने ही पद्धत जगभर पोचवली.

आज आठशेला साडेतीन मिनिटं लागलेली मुलगी समोर बसली.

“या महिन्यात काय साधायचं?”

“दहा सेकंद कमी करायचे, सर.”

“आज नेमकं काय झालं?”

तिने वही पाहिली. पहिली फेरी ४० सेकंद, चौथी ६५. “सुरुवातीलाच सगळा दम घालवला.”

“मग काय काय करता येईल?”

“पहिली फेरी आवरून धरते. नाहीतर संध्याकाळी चढावर पळते.”

“त्यातलं उद्या काय करणार?”

“पहिली फेरी ४८ला. मैत्रीण घड्याळ लावेल.”

हे मीही सांगू शकलो असतो. पण स्वतः शोधलेला उपाय पोरं नेटाने पाळतात.

सकाळी ११. शेतात अद्रकाला पाणी.

दुपारी ४. लेखीचा सराव. मैदानाचे ५० गुण, लेखीचे १००. “गणित जमत नाही,” एक मुलगा म्हणाला. ही सद्यस्थिती नव्हे. त्याला चुकलेली गणितं वेगळी काढायला लावली. बहुतेक काळ-काम-वेगाची निघाली. आठवडाभर तेवढंच करायचं त्याने ठरवलं.

संध्याकाळी ७. एक वडील मुलाला घेऊन भेटायला आले. “सर, पोरगं लागेल का?” मैदानात निम्मे गुण मिळाल्याशिवाय लेखीला बसता येत नाही आणि जागा थोड्या, हे स्पष्ट सांगितलं. मग मुलालाच विचारलं, “तुला काय व्हायचंय?” बराच वेळ तो गप्प राहिला. मग म्हणाला, “मोटार रिवायंडिंग शिकायचंय.” वडिलांना हे नवीन होतं. त्यांनी रागावण्याआधी मी सद्यस्थितीचा प्रश्न पुढे केला: काम कुठे शिकता येईल, खर्च किती? बापलेक बोलत बोलतच घरी गेले.

रात्री ९. उद्याच्या पानावर प्रत्येकाने ठरवलेलं एकच काम लिहितो.

पालकांना एवढंच सांगणं आहे: पोराचं ध्येय तुम्ही ठरवू नका. आधी त्याला विचारा, आणि उत्तर येईपर्यंत थांबा.