तीन झाडं, एक पत्रा

नरडाण्याजवळ मुंबई-आग्रा महामार्गावरून नजर टाकली की तापीखोऱ्याची सपाटी दिसते. काळी जमीन, मधूनच एखादा निंब, बाकी सगळं आभाळ. असा देखावा एकही रंग न वापरता उभा करायचा तर?

हॉलंडही असंच सपाट. तिथल्या रेम्ब्रांट या चित्रकारानं १६४३ मध्ये ‘तीन झाडं’ हे निसर्गचित्र एचिंगमध्ये केलं. आकार जेमतेम २१ बाय २८ सेंटिमीटर, तरी त्याच्या निसर्ग-एचिंगमध्ये सर्वांत मोठं हेच.

एचिंगसाठी तांब्याच्या पत्र्यावर मेणाचा थर देतात आणि सुईनं त्यावर चित्र कोरतात. मग पत्रा आम्लात जातो. जिथं मेण निघालं तिथलं तांबं आम्ल खातं. ज्या रेघा हलक्या हव्यात त्या वार्निशानं झाकायच्या आणि पत्रा पुन्हा आम्लात सोडायचा. जास्त वेळ राहिलेली रेघ खोल, म्हणून छपाईत जास्त काळी. शेवटी शाई भरून पृष्ठभाग पुसतात आणि ओलसर कागदावर दाब देऊन ठसा घेतात. चित्र उलटं उमटतं, कडेला पत्र्याच्या दाबाची खूण कागदात राहते.

यात पांढरी शाई नसतेच. उजेड म्हणजे कोरा कागद. ‘तीन झाडं’मध्ये डावीकडे पावसाच्या ठाशीव तिरप्या रेघा आहेत, उजवीकडे झाडांमागे आभाळ मोकळं झालंय. झाडं गडद दिसतात ती त्या मोकळ्या कागदामुळे.

भिंग घेऊन पाहिलं की माणसं सापडू लागतात. डावीकडे पाण्याकाठी गळ टाकलेला मासेमार आणि शेजारी बाई, टेकाडावर माणसांनी भरलेली गाडी, तिथंच चित्र काढत बसलेला चित्रकार. उजव्या कोपऱ्यातल्या काळोख्या झुडपात एक प्रेमी जोडपं आहे. रेघांचं जाळं इतकं दाट, की ते पटकन दिसतच नाही.

खानदेशात या रेम्ब्रांटचा एक चाहता होऊन गेला. चाळीसगावच्या केकी मूस (१९१२–१९८९) यांनी आपल्या बंगल्याला ‘रेम्ब्रांट्स रिट्रीट’ असं नाव दिलं होतं. माध्यम वेगळं, कॅमेऱ्याचं. टेबलावर छोट्या वस्तू मांडून ते अख्खं दृश्य रचायचे आणि काळ्या-पांढऱ्या छायाचित्रात पकडायचे. त्यांचं काम चाळीसगावच्या त्यांच्या घरातच जपलेलं आहे. नरडाण्याहून धुळेमार्गे तिथं जाता येतं. तिथली छायाचित्रं पाहतानाही आधी उजेड कोणत्या बाजूनं आलाय हे शोधावं, मग सावल्यांत काय दडलंय ते.