तीन अणू, आठ वर्षं

अमरावती-अकोल्याकडच्या शाळांत दहावीच्या विज्ञानाच्या तासाला आवर्तसारणी 118व्या चौकटीपाशी संपते. तिथल्या शेवटच्या नावांविषयी बोलणं निघालं की काही समज हमखास पुढे येतात.

गैरसमज: ही मूलद्रव्यं रसायनं मिसळून बनवतात.

रासायनिक अभिक्रियेत अणुकेंद्राला धक्काही लागत नाही. नव्या मूलद्रव्यासाठी केंद्रंच जुळवावी लागतात. 113वं मूलद्रव्य, म्हणजे निहोनियम, बनवायला जपानच्या रिकेन संस्थेत कोसुके मोरिता यांच्या गटाने जस्ताची अणुकेंद्रं प्रकाशाच्या सुमारे दहाव्या हिश्श्याच्या वेगाने बिस्मथच्या पातळ थरावर सोडली. जस्तात 30 प्रोटॉन, बिस्मथमध्ये 83, बेरीज 113. हिशोब सोपा, पण जवळजवळ सगळ्या धडका वाया जातात. वेग कमी पडला तर केंद्रं एकमेकांना दूर लोटतात, जास्त झाला तर जुळलेलं केंद्र फुटतं.

गैरसमज: नवा अणू सूक्ष्मदर्शकाखाली दिसतो.

मोरिता यांच्या गटाला मिळालेला निहोनियमचा अणू सेकंदाचा शंभरावा हिस्साही टिकला नाही. तो सिलिकॉनच्या संवेदकात रुततो आणि त्याच जागेवरून एकेक अल्फा कण बाहेर पडतो. दर कणाला दोन प्रोटॉन कमी: 113, 111, 109, 107, 105. मूळपुरुष गेला, वंशावळ हाती राहिली. तिच्यातला एखादा वंशज आधीच ओळखीचा असेल, तर उलट मोजत मूळपुरुष सांगता येतो.

पहिला अणू 23 जुलै 2004 रोजी मिळाला, दुसरा एप्रिल 2005 मध्ये. दोन्ही साखळ्या 105पाशी फुटून संपल्या, आणि वाटेतल्या 107व्या, म्हणजे बोहरियमच्या, केंद्राची ओळख पुरेशी पक्की नसल्याने दावा अडला. गटाने ते केंद्र वेगळ्या मार्गाने बनवून तपासलं. तिसरा अणू 12 ऑगस्ट 2012 रोजी आला. त्याची साखळी थेट 101पर्यंत उतरली. अणू बनवण्यापेक्षा ही सात वर्षांची चिकाटी मला मोठी वाटते.

गैरसमज: दावा केला की नाव मिळतं.

118व्या मूलद्रव्याचा अमेरिकेतल्या बर्कली प्रयोगशाळेचा 1999मधला दावा इतरांना पडताळता आला नाही, तो मागे घ्यावा लागला. निहोनियमला मान्यता डिसेंबर 2015मध्ये मिळाली, नाव नोव्हेंबर 2016मध्ये.

गैरसमज: यात भारत कुठेच नाही.

रशियातल्या दुबना इथे बनलेल्या 117व्या मूलद्रव्याची खातरजमा 2014मध्ये जर्मनीच्या जीएसआय संस्थेत झाली. त्या गटात कोलकात्याची साहा संस्था आणि आयआयटी रुरकीही होत्या. जड केंद्रं कशी जुळतात आणि फुटतात याचे प्रयोग मुंबईत टीआयएफआरच्या पेलेट्रॉन यंत्रावर तीन दशकांहून अधिक काळ चालत आले आहेत. अकोल्यावरून जाणाऱ्या अमरावती-मुंबई एक्सप्रेसने ते यंत्र एका रात्रीच्या प्रवासावर आहे.