संगणकाचें बिऱ्हाड

बिऱ्हाड हलवावयाचें म्हटलें म्हणजे हमाल मिळतात, गाडी मिळते. परंतु माळ्यावरच्या कोणत्या ट्रंकेंत घराचे कागद आहेत व कोणत्या डब्यांत किल्ल्या आहेत, हें घरच्या माणसांसच ठाऊक असतें. एका संगणकावरून दुसऱ्यावर जाणाऱ्या मनुष्याची स्थिति याहून निराळी नसते. जुन्या यंत्रांत त्याचीं दहा-वीस वर्षांचीं पत्रें, हिशेब, छायाचित्रें आणि लेखन सांठलेलें असतें. नवें यंत्र मात्र रिकाम्या घरासारखें समोर येतें.

हा प्रसंग अलीकडे पुष्कळांवर आला. मायक्रोसॉफ्ट कंपनीनें १४ ऑक्टोबर २०२५ रोजीं विंडोज १० या प्रणालीचें नियमित साहाय्य थांबविलें, आणि तिच्या मागून आलेली विंडोज ११ ही अनेक जुन्या यंत्रांवर चालत नाहीं. २००७ सालीं सर्वत्र विक्रीस आलेल्या व्हिस्टा प्रणालीबरोबर 'ईझी ट्रान्स्फर' नांवाचें एक साधन मिळे. तें हें सामान स्वतःच उचलून नेई. विंडोज १० मध्यें तें राहिलें नाहीं. दुसरीं साधनें मिळतात खरीं. पण तीं काय नेतात आणि काय मागें ठेवतात हें ओळखावयाचें, तर हें काम हातानें कसें होतें तें समजून घेणेंच बरें.

संगणकांतील सामान तीन प्रकारचें असतें: प्रोग्रॅम, फाइली आणि वापरणाऱ्यानें आपल्या संवयीप्रमाणें करून घेतलेली मांडणी, म्हणजे सेटिंग. यांपैकीं प्रोग्रॅम उचलून नेतां येत नाहींत. प्रोग्रॅम बसवितांना तो आपल्या नोंदी प्रणालीच्या दप्तरांत करून ठेवतो. या दप्तरास रजिस्ट्री म्हणतात. प्रोग्रॅमाचा नुसता फोल्डर नव्या यंत्रांत नेला तर त्या नोंदी मागें राहतात व तो बहुधा चालत नाहीं. म्हणून प्रोग्रॅमांची यादी करावी, परवान्यांचे क्रमांक कागदावर उतरून घ्यावे आणि नव्या यंत्रावर ते नव्यानें बसवावे.

फाइलींचें तसें नाहीं. त्यांची नक्कल केली कीं काम भागतें. अडचण असते ती त्या शोधण्याची. 'सी' ड्राइव्हवर 'यूजर्स' नांवाचा फोल्डर असतो आणि त्यांत प्रत्येक वापरणाऱ्याच्या नांवाचा एक स्वतंत्र फोल्डर. डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स, पिक्चर्स, डाउनलोड्स हे कप्पे सामान्यतः त्याच्याच पोटांत असतात. घरांतील तिघांचीं स्वतंत्र खातीं एकाच यंत्रावर असतील तर तिघांचेहि फोल्डर पाहावे लागतात. शिवाय 'डी' ड्राइव्ह असल्यास तोहि. हिशेबाच्या कांहीं प्रोग्रॅमांची माहिती या कप्प्यांत नसून निराळ्याच जागीं असते. दुकानदारानें ती जागा आधीं शोधून ठेवावी. आणखी एक गोष्ट फसवी आहे. 'वनड्राइव्ह' चालू असेल तर कांहीं फाइलींचें नांव तेवढें यंत्रावर दिसतें आणि मूळ वस्तु दूरच्या सांठ्यांत असते. नांवाशेजारीं ढगाचें चिन्ह दिसलें तर ती फाइल प्रथम यंत्रावर उतरवून घ्यावी.

नक्कल करावयाची ती बाहेरच्या हार्डडिस्कवर किंवा पेनड्राइव्हवर. पेनड्राइव्ह 'फॅट ३२' पद्धतीनें आंखलेला असेल तर त्यावर ४ गिगाबाइटांहून मोठी फाइल राहत नाहीं, मग जागा कितीहि मोकळी असो; लग्नाचें लांबलचक चित्रण नेमकें येथें अडतें. 'एक्सफॅट' पद्धतीनें आंखलेल्या डिस्कवर ही अडचण येत नाहीं. मात्र नव्यानें आंखणी करतांना डिस्कवरील जुनें सारें पुसलें जातें. वेळेचाहि अंदाज असावा. यूएसबी २.० जोडणींतून सेकंदास ३० मेगाबाइट जातात असें धरलें तर १०० गिगाबाइटांस जवळजवळ एक तास लागतो, आणि हजारों लहान फाइली असल्या तर त्याहून अधिक. 'कट' कधींहि करूं नये, 'कॉपी'च करावी. म्हणजे वाटेंत वीज गेली तरी मूळ सामान जागच्या जागीं राहतें.

सेटिंगें मात्र अडगळीच्या खोलींत असतात. वापरणाऱ्याच्या फोल्डरांत 'ॲपडेटा' नांवाचा एक लपविलेला फोल्डर असतो. लपलेल्या वस्तु दाखविण्याची सोय सुरू केल्यावर तो दिसूं लागतो. वर्डला वर्षानुवर्षें शिकविलेले शब्द त्याच्या आंत 'कस्टम डॉट डिक' या इवल्याशा फाइलींत असतात. फायरफॉक्स हा ब्राउझर आपले पासवर्ड एका फाइलींत कुलूपबंद ठेवतो आणि किल्ली 'की ४ डॉट डीबी' या दुसऱ्या फाइलींत. एकटी पहिली नेली तर कुलूप उघडत नाहीं. म्हणून त्याचा 'प्रोफाइल' फोल्डर सबंधच न्यावा. क्रोमचे पासवर्ड त्या यंत्रावरील खात्याशीं बांधलेले असल्यानें नुसती नक्कल निरुपयोगी ठरते; ते क्रोममधूनच निराळ्या फाइलींत काढून घ्यावे लागतात. त्या फाइलींत ते उघड्या अक्षरांत असतात. म्हणून काम होतांच ती नष्ट करावी.

मराठींत लिहिणाऱ्यास याहून मोठा धोका आहे, आणि तो नक्कल पूर्ण झाल्यावरच लक्षांत येतो. युनिकोडमध्यें देवनागरीस १९९१ पासून स्थान आहे व विंडोज २००० बरोबर 'मंगल' हा युनिकोड फाँटहि आला. तरी त्यापूर्वीं आणि पुढेंहि अनेक वर्षें छापखान्यांत व कचेऱ्यांत मजकूर लिहिला गेला तो 'श्रीलिपी', 'शिवाजी' अशा जुन्या फाँटांत. त्या फाइलींत देवनागरी अक्षरें नसतातच. असतात तीं रोमन अक्षरें व चिन्हें, आणि फाँट त्यांवर देवनागरीचा वेष चढवितो. फाँट मागें राहिला कीं वेष उतरतो, आणि आजोबांचें आत्मवृत्त किंवा एखाद्या मंडळाचें वीस वर्षांचें इतिवृत्त अर्थहीन रोमन अक्षरांची रास होऊन बसतें. मजकूर नाहींसा झालेला नसतो. पण जुनें यंत्र भंगारांत गेलें आणि फाँटाचें नांवहि कोणास आठवेनासें झालें, म्हणजे तो पुन्हा वाचणें दुर्घट होतें.

यासाठीं तीन गोष्टी जुनें यंत्र चालूं आहे तोंवरच कराव्या. परवान्यास बाध येत नसेल तेथें 'विंडोज' फोल्डरांतील 'फाँट्स' मधून ते फाँट उतरून घ्यावे. महत्त्वाच्या प्रत्येक मजकुराची फाँटासह पीडीएफ प्रत करावी. ती कोणत्याहि यंत्रावर जशीच्या तशी दिसते. आणि मजकूर युनिकोडमध्यें परिवर्तित करून मूळ प्रतीशीं ताडून पाहावा, कारण अशा परिवर्तनांत जोडाक्षरें व रफार बिघडण्याचा संभव असतो.

नक्कल झाली म्हणजे काम संपलें असें कोणीं समजूं नये. दोन्हीं ठिकाणच्या फाइलींची संख्या व आकार जुळतो कीं नाहीं तें पाहावें. प्रत्येक प्रकारच्या चार-दोन फाइली नव्या यंत्रावर उघडून वाचाव्या. आकार जुळला म्हणजे वस्तु पोंचली एवढेंच सिद्ध होतें. ती वाचतां येते हें उघडल्यावांचून कळत नाहीं. कांहीं राहिलें असेल तर तें कामाच्या ओघांत आठवतें, म्हणून जुनें यंत्र निदान महिनाभर तसेंच ठेवावें. त्यानंतर तें दुसऱ्यास द्यावयाचें झाल्यास फाइली नुसत्या काढून टाकणें पुरेसें नाहीं, कारण अशा फाइली पुष्कळदां परत मिळवितां येतात. डिस्क योग्य साधनानें पूर्णपणें पुसून घ्यावी. नवें यंत्र पैसे देऊन केव्हांहि आणतां येतें. त्यांत ठेवावयाचीं पत्रें व लेखन मात्र बाजारांत मिळत नाहीं.