ही लावणी बांधली कुणी?

माढा तालुक्यातलं, पुणे-सोलापूर महामार्गावरचं मोडनिंब संगीतबारीच्या रसिकांना वेगळं सांगावं लागत नाही. इथल्या कलाकेंद्रांत ज्या जुन्या बैठकीच्या लावण्या चालतात, त्यांतल्या कित्येकींवर 'पारंपरिक' एवढाच शिक्का असतो. त्या बांधल्या कुणी, हा प्रश्न वरवर दिसतो त्याहून फार खोल आहे.

शाहीर आपलं नाव लावणीच्या शेवटच्या कडव्यात गुंफतो. ही त्याची नाममुद्रा. पण बैठकीत गायिका बसल्या जागी एकाच ओळीवर घोळत राहते. तोच शब्द आधी नजरेनं, मग पदराच्या टोकानं, मग नुसत्या मनगटानं निराळा करून दाखवते. मध्येच दौलतजादा होते, म्हणजे रसिक खूश होऊन पैसे देतात, नवी फर्माईश येते आणि शेवटचं कडवं राहून जातं. त्याबरोबर कर्त्याचं नावही जातं.

मुद्रा टिकली तरी वाद मिटतोच असं नाही. 'होनाजी बाळा' हा एकच शाहीर असं आजही अनेकांना वाटतं. प्रत्यक्षात होनाजी शिलारखाने कवनं रचायचा आणि त्याचा जोडीदार बाळा करंजकर ती गायचा. गाणाऱ्याचं नाव रचणाऱ्याच्या बरोबरीनं कोरलं गेल्याचं हे आपल्याकडचं दुर्मीळ आणि मला फार मोलाचं वाटणारं उदाहरण.

पठ्ठे बापूराव (१८६६-१९४५) म्हणजे रेठरे हरणाक्षचे श्रीधर कृष्णाजी कुलकर्णी. आपण दोन लाख लावण्या रचल्याचं त्यांनीच लावणीत सांगून ठेवलंय. पन्नास वर्षं खंड न पडता लिहिलं तरी रोजच्या अकरा होतात! आकडा शब्दशः घ्यायचा नसला, तरी एवढ्या मोठ्या नावाच्या छायेत इतरांच्या रचना सहज जमा होऊ शकतात. त्यांच्या फडाला कीर्ती मिळवून देणाऱ्या पवळाबाईंच्या गळ्यानं त्या शब्दांत काय काय बदललं असेल, त्याचा हिशेब तर कुणी मांडलाच नाही.

दक्षिण आफ्रिकेतल्या 'सारी मरे' या आफ्रिकान्स लोकगीताची कथाही अशीच गुंतलेली आहे. कुणी ते १८९९-१९०२च्या बोअर युद्धातलं मानतं. कुणी पत्रकार-कवी तूरियन यांचं, पत्नी सुसारा मरे हिच्यासाठी लिहिलेलं समजतं. चाल मात्र 'एली री' या अमेरिकन गाण्याशी जुळते आणि ते गाणं सेप्टिमस विनर यांच्या नावावर १८६५ मध्ये छापलेलं आहे. पुढे ब्रिटनच्या रॉयल मरीन कमांडोंनी हीच चाल संचलनासाठी घेतली, म्हणजे बोअरांचं गाणं त्यांच्याच शत्रूच्या सैन्यात जाऊन बसलं.

तिथे निदान छापील कागद हाती लागतो. आपल्याकडे ॲकवर्थ आणि शाळिग्राम यांचा पोवाड्यांचा संग्रह १८९१ मध्ये आला, लावण्यांचे संग्रहही निघाले, पण छापले गेले ते शब्द. चाल आणि अदा बायकांच्या कुळांतूनच पुढे गेल्या. लावणीगायिका यमुनाबाई वाईकरांना (१९१५-२०१८) हे गाणं आईकडून मिळालं होतं.

म्हणून मोडनिंबची लावणी ध्वनिमुद्रित करताना 'पारंपरिक' लिहून थांबू नये. गाणारीचं नाव, तिला ती देणारीचं नाव आणि त्या दोघी सांगतील तो कर्ता, तिन्ही नोंदवावीत. दोन गायिका दोन कर्ते सांगत असतील, तर दोन्ही नावं लिहावीत.